तिथे फारसं काही नव्हतं

इथे परदेशात आमच्या ऑफिसात महिन्यातून एकदा जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी आपल्या आवडीच्या विषयावर बोलतं. विजेच्या नव्या वाहिन्या कुठून न्यायच्या याचं नियोजन करणारं ऑफिस आमचं, त्यामुळे विषय फिरून फिरून विजेवरच येतात. गेल्या वर्षी माझी पाळी आली तेव्हा मी चीन निवडला. चिनी संस्कृती आणि तिची आजची विजेची भूक.

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी माझी मैत्रीण चीनची. आम्ही रोज एकत्र जेवायचो. ती माझं थालीपीठ खायची आणि माझ्यासाठी मुद्दाम भाजीचं सारण भरलेले डंपलिंग आणायची. मुलांच्या शाळा, घराचे हप्ते, सासवा, सगळं बोलून झालं होतं. पण ती चीनमध्ये नेमकी कुठली, हे मी कधी विचारलं नव्हतं. शांघायची असेल, असं मनाशी ठरवून टाकलं होतं. इथले लोक मला भेटल्या भेटल्या बॉलिवूडबद्दल विचारतात तेव्हा मला राग येतो, आणि माझी तऱ्हा ही. या विषयावर तिनंच बोलावं का, निदान तिला चार गोष्टी विचाराव्यात का, हेसुद्धा माझ्या डोक्यात आलं नाही.

उलट तिनंच आदल्या दिवशी मला विचारलं, "माझी आई आलीये सध्या. तिला घेऊन येऊ का? तिला इंग्लिश येत नाही, मी कानात सांगत जाईन."

"अगं, आण की!" मी म्हटलं. मला बरंच वाटलं. एक खरीखुरी चिनी आजी समोर बसून माझं भाषण ऐकणार.

त्या आल्या. करडे आखूड केस, घरी विणलेला जांभळा स्वेटर, ताठ पाठ. पहिल्या रांगेत लेकीशेजारी बसल्या. मी सुरुवात केली ती मिठापासून. त्या देशाच्या आतल्या डोंगराळ भागात लोक फार पूर्वीपासून जमिनीतून खारं पाणी काढून, उकळून मीठ करत. काही ठिकाणी तर जमिनीतून येणारा जळाऊ वायू बांबूच्या नळ्यांतून आणून त्यावर कढया तापवत. मैत्रीण कानात सांगत होती आणि आजी मान डोलावत होत्या. एकदा तर त्यांनी लेकीच्या मांडीवर थाप मारली. मला चेव चढला.

मग कोळसा, मग कारखाने, मग ते यांगत्से नदीवरचं अवाढव्य धरण. उपग्रहातून घेतलेले दोन फोटो मी शेजारी शेजारी लावले होते. एकात नदीची बारीक रेघ, दुसऱ्यात फुगलेलं पाणी. मागून कोणीतरी विचारलं, एवढ्या पाण्याखाली गेलं काय काय? त्यावर काही ओळी मी तयार केल्या होत्या, पण सुट्टी संपत आली होती आणि खोलीचा मूड छान होता. मी इथल्या लोकांच्या दोस्तीच्या ढंगात म्हटलं, "तसं तिथे फारसं काही नव्हतं. डोंगर, थोडी शेती. शेळ्यांना तेवढं घर बदलावं लागलं, मेट."

सगळे हसले. मीही हसले.

मैत्रीण सांगायची थांबली होती. आजींनी तिच्याकडे वळून काहीतरी विचारलं. तिनं नकारार्थी मान हलवली. आजींनी पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. शेवटी मैत्रीण उभी राहिली. तिचे कान लाल झाले होते.

"माझी आई विचारतेय, या फोटोत आमचं गाव कुठे येतं?"

माझ्या हातात लेझरचा पॉइंटर होता. मी काय करावं? तो लाल ठिपका मी त्या पाण्यावर फिरवला. "इथे... साधारण या भागात असेल." मला गावाचं नावही माहीत नव्हतं. तो ठिपका पाण्यावर कुठेच ठरत नव्हता आणि सगळ्यांना दिसत होता. मॅनेजर चटकन उठून म्हणाला, छान प्रश्न आहे, यावर नंतर बोलू या, आणि टाळ्या झाल्या. आजींनीही वाजवल्या.

दुपारी पँट्रीत मी मैत्रिणीला गाठलं. "सॉरी गं. मला खरंच माहीत नव्हतं."

"नो वरीज," ती कप धुता धुता म्हणाली. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

ट्रुगानिनाला, आमच्या उपनगरात, घरी परतताना ट्रेनमध्ये एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि अंग चोरून घ्यावंसं वाटलं. ते वाक्य मी आयत्या वेळी रचलेलं नव्हतंच. ते माझ्या बाबांचं होतं. बाबा कोयनेच्या वीजघरात इंजिनीयर होते. मी तिथल्या वसाहतीत वाढले. सुट्टीत पाहुणे आले की बाबा सगळ्यांना जीपमधून जलाशय दाखवायला न्यायचे आणि काठावर उभे राहून अभिमानानं सांगायचे, "इथे आधी फारसं काही नव्हतं." आम्ही भेळ खात खात पाणी बघायचो.

मग मला भरपाई करायची हुक्की आली. इंटरनेटवर शोधून शोधून मी त्या भागातल्या एका नदीकाठच्या जुन्या गावाचा, बुडण्याआधीचा, फोटो मिळवला. मैत्रिणीनं मागे कधीतरी गप्पांत तिच्या लहानपणच्या पायऱ्यांचा उल्लेख केला होता आणि फोटोत नदीपासून वर चढत जाणाऱ्या दगडी पायऱ्या होत्या. तेवढ्यावर मी ठरवून टाकलं. मोठा करून फ्रेम करून घेतला, नारळाच्या वड्या केल्या आणि रविवारी दुपारी, इथल्या भाषेत आरव्होला, त्यांच्या घरी गेले.

आजींनी चष्मा लावून फोटो दोन्ही हातांनी धरला. बराच वेळ बघितला. मग लेकीला काहीतरी म्हणाल्या.

"आई म्हणतेय फार सुंदर आहे," मैत्रीण म्हणाली. मग म्हणाली, "हे आमचं गाव नाही. हे नदीच्या बरंच वरच्या अंगाला आहे."

खोलीतून उठून जावं असं वाटलं. तेही जमलं नाही. वर मी रडवेल्या आवाजात म्हणून बसले, "तुमचं सगळं गेलं, त्याचं मला फार वाईट वाटतंय." मैत्रिणीनं ते सांगितलं तशी आजींची पाठ आणखी ताठ झाली. त्या भराभर बोलू लागल्या. मैत्रीण जमेल तसं मला सांगत गेली.

"ती म्हणते, सगळं गेलं असं तुला कोणी सांगितलं? ती शाळेची मुख्याध्यापिका होती. उठा, नवीन गावात चला, असं घरोघरी जाऊन तिनंच लोकांना समजावलं. पहिलं घर आमचं रिकामं केलं. पाणी कुठवर येणार त्याच्या खुणा भिंतींवर रंगवल्या होत्या, त्यांच्याखाली उभं राहून ती मुलांना शिकवत होती. माझी आजी, म्हणजे तिची आई, मिठाच्या भट्टीवर होती. कोळशाच्या धुरानं खोकून खोकून गेली. नवीन घरात गॅस आहे, लिफ्ट आहे, हिवाळ्यात हीटर चालतो. आईला ते घर आवडतं."

आजी थांबल्या. एक वडी उचलून त्यांनी तोंडात टाकली. मग सावकाश काहीतरी विचारलं.

"ती विचारतेय, तू म्हणालीस ना की तूही धरणाजवळ वाढलीस? तिथली माणसं कुठे गेली?"

मी वड्या देताना गप्पांच्या ओघात ते सांगितलं होतं, बहुतेक जवळीक दाखवायला.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. हे वाक्य भाषांतर न करताही त्यांना कळलं असावं.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुण्याला बाबांना फोन केला. "बाबा, कोयनेच्या पाण्याखाली कुठली गावं गेली हो? ती माणसं कुठे गेली?"

"होती बरीच. कोणी ठाण्याकडे, कोणी रायगडाकडे. का गं?"

"तुम्ही तर म्हणायचात, तिथे फारसं काही नव्हतं."

"मी लागलो तेव्हा पाणीच होतं तिथे," बाबा म्हणाले. "मी मशिनं बघायचो. चुकलंच असेल माझं. तू जेवलीस का?" त्यांचा आवाज म्हातारा वाटला. त्यांना उगाच बोलले असं वाटून मी फोन ठेवला. दोष माझा, आणि तो मी त्यांच्या पदरात टाकायला निघाले होते.

ऑफिसात माझ्या भाषणाचं रेकॉर्डिंग सगळ्यांसाठी ठेवलं होतं. मी मॅनेजरला ते काढायला सांगितलं. तो म्हणाला, का, लोकांना आवडलंय. तेव्हा सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्या टीमसमोर मी बोलले, की तिथे गावं होती, शाळा होत्या, माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीचं गाव होतं, आणि मी चेष्टा केली ती चूक होती. बोलून झाल्यावर मला हलकं वाटलं. बघ, केलंस तू धाडस, असंही मनात आलं.

दिवसभर लोक मैत्रिणीच्या टेबलाशी येत राहिले. चेहरे पाडून, हळू आवाजात. सो सॉरी, आम्हाला कल्पनाच नव्हती, घरचे कसे आहेत? ती प्रत्येकाला तेच उत्तर देत होती. संध्याकाळी बॅग भरताना ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला आधी विचारायचंस ना. आता मी इथे धरणवाली झाले."

विचारायचं मला पुन्हा सुचलंच नव्हतं.

पुढे काही आठवडे ती घरूनच काम करत होती. तिची आई परत गेली. मी विमानतळावर येऊ का असं विचारलं, ती नको म्हणाली. मग हळूहळू पुन्हा आम्ही एकत्र जेवायला बसू लागलो. डंपलिंग ती आणते, पण मुलांबद्दल बोलते, हवेबद्दल बोलते. गावाबद्दल मी विचारत नाही. विचारावं की विचारू नये, यातलं कुठलं बरोबर ते मला अजून कळलेलं नाही. ती डबा उघडते आणि मी पाणी ओतते.