आतून उघडणारी खिडकी

गल्लीतल्या बहुतेक खिडक्यांची ग्रिलं एकाच वेल्डरच्या हातची होती. काम संपलं की तो गजांना लोंबकळायचा, दोन झोके घ्यायचा आणि खाली उतरून म्हणायचा, "पक्कं!" म्हणून सगळे त्याला पक्केमामा म्हणत. एवढ्या वर्षांत त्याचा एकही जोड सुटला नव्हता, आणि हे तो कुणाला विसरू देत नसे.

स्वतःच्या घराला तर त्याने दुप्पट जाड गज लावले होते.

"बाबा, घर आहे की पिंजरा?" सून म्हणाली.

"पिंजऱ्यात पोपट सुखरूप असतो, पोरी."

"पोपटाला विचारलंत कधी?"

तो हसला. एका ग्रिलला तरी उघडणारी झडप ठेवा, असं तिने पुन्हा सांगून पाहिलं. "म्हणजे चोराला आमंत्रणच की!" म्हणून त्याने विषय मिटवला.

एका दुपारी दाराशी चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीने पेट घेतला. मामा समोरच्या वर्कशॉपमध्ये होता. धूर दिसताच तो धावत सुटला; पण घराला दार एकच आणि आग नेमकी तिथेच. त्याने बाहेरून मेन स्विच पाडला. शेजारीण अग्निशमन दलाला फोन लावत होती. तेवढ्यात मागच्या खिडकीतून सुनेची हाक आली.

"बाबा, आम्ही इथे आहोत! खोलीचं दार लावून घेतलंय, फटीत ओला टॉवेल कोंबलाय. तरी धूर येतोय."

कडेवरची नात खोकत होती. मामाने गज धरून जिवाच्या आकांताने हिसडले. ते तसूभरही हलले नाहीत. हलणार कसे? त्यानेच बसवले होते.

वर्कशॉपमधून लांब वायर ओढून त्याने ग्राइंडर आणला. पण ठिणग्या आत दोघींवर उडतील, म्हणून चक्ती गजावर टेकवायला तो धजेना.

"बाबा, आम्ही खाली बसतोय, ओली चादर पांघरून. ठिणग्यांची काळजी करू नका. कापा!"

हे ऐकताच त्याने चक्ती गजावर टेकवली. ज्या जोडांची त्याने जन्मभर फुशारकी मारली, त्यांनाच शिव्या घालत तो एकेक गज कापत गेला. आधी नात बाहेर आली, मग काळवंडलेल्या चेहऱ्याची सून. बंब आला तेव्हा तिघंही रस्त्याच्या कडेला बसून होती.

सून पिंजऱ्याबद्दल बोलेल, म्हणून तो कितीतरी दिवस वाट पाहत राहिला. ती बोललीच नाही. तेच त्याला जास्त लागलं.

मग त्याने घरच्या ग्रिलला बिजागऱ्या लावल्या, आतून कडी बसवली. कुलूप नाही. नंतर तशीच उघडणारी झडप बसवत तो गल्लीत घरोघर गेला.

"मामा, चोर आला तर?" एका घरी बाईने विचारलं.

"त्याचं बघू. आधी तुम्ही डोळे मिटा आणि ही कडी उघडून दाखवा."

बाई हसायला लागली. मामा हसला नाही. ती डोळे मिटून चाचपडत राहिली, आणि झडप उघडेपर्यंत तो हत्यारं न आवरता तिथेच उभा राहिला.