नाडा बांधलेली पऱ्हाटी

दारव्ह्याला आमचं कृषी केंद्र आहे. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. औषध म्हणायचं आपलं, असतं ते विषच! दुकान मी चालवते. नवरा कापसाच्या वाणांवर पीएच.डी. केलेला. बोंडअळी तोंड लावणार नाही अशी देशी पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, त्यांना तयार करायचं होतं, वरच्या साहेबांना त्यात रस नव्हता, म्हणून चांगली नोकरी सोडून घरी आले. मग प्रयोगाचा खर्च कोण करणार? दुकान. म्हणजे मीच की! दिवसभर अळीचं विष विकायचं आणि त्या नफ्यातून विष न लागणारी पऱ्हाटी शोधायची.

"अहो, आपल्याच दुकानाले काडी लावून राह्यले तुम्ही," मी म्हणायची.

"लागू दे की," म्हणून हसायचे.

घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या. संताप यायचा मला, खोटं कशाला सांगू? पण आमच्याकडचं औषध फवारताना एक जण शेतातच कोसळला. जीव वाचला, नजर गेली. त्यानंतरही मी भांडत राहिले, पण गल्ल्यातून पैसे काढून देताना हात आखडला नाही.

गेल्या हंगामात जमलं. आजूबाजूच्या शेतांत बोंडं किडली, आणि आम्ही मक्त्यानं केलेल्या लहानशा वावरात इथं एक, तिथं एक अशा थोड्या झाडांची बोंडं स्वच्छ फुटली. यांचा हर्ष गगनात मावेना. फक्त त्याच झाडांचा कापूस वेगळा वेचायचा, त्याचंच बी पुढं न्यायचं. खुणेच्या पट्ट्या संपल्या होत्या, म्हणून बाजारातून पूजेच्या नाड्याची गुंडी आणली. लालपिवळा, लांबून दिसणारा. निवडलेल्या प्रत्येक झाडाला बुंध्याशी एक फेरा बांधला आणि उरलेली गुंडी वावरातल्या खोपडीत ठेवून दिली.

मला तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. मी महागावकडची, शेतकऱ्याची लेक. नाडा बांधलेलं झाड म्हणजे पुजलेलं झाड, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. यांच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या कचेरीची नोकरी. यांना नाडा म्हणजे नुसता दोरा!

त्याच आठवड्यात त्यांच्या छातीत कळ आली. आधी एक झटका येऊन गेलेला. मी त्यांना यवतमाळला डॉक्टरकडे नेलं, तिथं चार दिवस ठेवून घेतलं. आता उन्हातान्हात वावरात जायचं नाही, डॉक्टर म्हणाले. तरी परतताना यांनी गाडी वावराकडेच वळवायला लावली, आणि वाटेत नाड्याच्या खुणेचं मला सांगितलं.

आमच्या मागं वेचणाऱ्या बायांनी सीतादही उरकलं होतं. कापसाच्या पहिल्या वेचणीआधी झाडांना हळदकुंकू वाहतात, दहीभात देतात, मग कापसाला हात लावतात. आम्ही वावराच्या धुऱ्यावर, बांधावर उभे राहिलो आणि माझे डोळेच फिरले. साऱ्या वावरभर, ओळीओळीनं, झाडाझाडाला नाडा!

वेचणाऱ्यांतली म्हातारी हसत पुढं आली. "सायबानं मोजकीच झाडं पुजली होती न वो बाई. बाकीच्यायनं काय घोडं मारलं? खोपडीत नाडा होता, कमी पडला तं आनखी आनला, आमी सगळ्यायले बांधला. सायबाची तब्येत बरी नाही, म्हणून देवाले हात जोडले. कापूसही वेचून झाला, गठ्ठे बांधून ठेवले."

ते एका झाडापाशी वाकले. मग दुसऱ्यापाशी. मग तिसऱ्यापाशी.

"अहो, तुमची गाठ तुमाले ओळखू येत नाही का?"

"गाठीसारखी गाठ," ते म्हणाले.

फुटलेली बोंडं रिकामी झाली होती आणि चांगला-वाईट कापूस एकाच गठ्ठ्यात गेला होता. मागच्या बोंडांवरून पुन्हा झाडं निवडायची तर महिनाभर उन्हात फिरावं लागलं असतं, आणि तेच डॉक्टरांनी बंद केलं होतं. माझ्या ओठांवर शिव्या आल्या होत्या. पण देऊ कोणाला? त्या माऊल्यांनी माझ्याच कुंकवासाठी देवाला साकडं घातलं होतं. म्हातारीनं त्यांच्या हातावर दहीभात ठेवला. त्यांनी शीत न् शीत खाल्लं आणि बायांना हात जोडले. गाडीत बसल्यावर मीच हमसून हमसून रडले.

घरी आल्यावर म्हटलं, "सगळंच सरमिसळ बी पेरू. पुन्हा निवडू. दुकान आहे ना, मी आहे ना!"

"किती वर्षं?" त्यांनी विचारलं.

छातीवर हात ठेवून ते माझ्याकडं बघत होते, आणि दोघांनाही उत्तर माहीत होतं.

आता ते दुकानात बसतात. वावर आम्ही सोडलं. परवा एक शेतकरी आला. "साहेब, औंदा कोन्तं बियानं घेऊ?" पूर्वी असं कुणी विचारलं की त्याची सुटका नसायची. जमीन कशी, पाणी किती, अळी कधी येते, चहा थंड व्हायचा तरी यांचं संपायचं नाही.

"कोणतंही घ्या. सगळं सारखंच आहे," ते म्हणाले, आणि त्यानं मागायच्या आधीच फळीवरचा फवारणीचा डबा काढून त्याच्यापुढं ठेवला.