रेडिओवरची चार मिनिटं

खून, दरोड्यांचे तपास मी बरेच केले, पण लोकांना सांगावीशी वाटते ती एका साध्या अर्जाची चौकशी. तिच्यात ना गुन्हा दाखल झाला, ना कुणाला अटक. तरी ती मनातून जात नाही.

तेव्हा मी कळमनुरी तालुक्यात सहायक निरीक्षक होतो. डोंगरकड्याच्या बाजूच्या एका गावात महिलांच्या संस्थेचं सामुदायिक रेडिओ केंद्र होतं. दोन खोल्या, एक मनोरा, आसपासच्या दहा-बारा गावांत ऐकू जाईल एवढाच आवाज. शेतीचा सल्ला, आरोग्याची माहिती आणि दुपारी श्रोत्यांचे फोन.

ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर होती. त्या गावच्या सरपंचांनी जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज दिला की, रेडिओवरून राजकीय प्रचार चालतो, विरोधकांनी एका बाईला बोलायला लावून माझी बदनामी केली, केंद्राची परवानगी रद्द करा. अर्ज चौकशीसाठी आमच्याकडे आला. आरोप खरा निघाला असता, तर केंद्राला कुलूप लागायला वेळ लागला नसता.

मी आधी सरपंचांना बोलावलं. पन्नाशीचा, मोठ्या आवाजाचा, पण सरळ माणूस. त्यांनी कार्यक्रम स्वतः ऐकलाच नव्हता.

"मंग तुम्हाला कळलं कसं?"

"साहेब, पारावर चारचौघांत एकानं इचारलं, गावाचा कारभार करून राहिला, पन घरचं काय? रेडिओवर कोन्या बाईनं तसंच म्हटलं म्हने. साऱ्या गावाला इचारलं, ती बाई कोन. कुनी सांगंना. समद्यायनं खाली मान घातली."

खाली मान, हे माझ्या ध्यानात राहिलं. चेष्टा करणारा माणूस खाली मान घालत नाही.

दुसऱ्या दिवशी महिला शिपायाला घेऊन मी केंद्रावर गेलो. केंद्रप्रमुख चाळिशीच्या बाई होत्या, नियमाला पक्क्या. मी ध्वनिमुद्रण मागितलं तर म्हणाल्या, "देते साहेब, पण लेखी पत्र द्या." मला राग आला नाही, उलट बरं वाटलं. परवानगीच्या अटींची प्रत त्यांच्या टेबलावरच होती. प्रत्येक कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवायचं, राजकीय प्रचार करायचा नाही, सगळ्या अटींखाली पेन्सिलीच्या रेघा.

त्यांनी त्या दिवसाची फाईल लावली. कांद्यावरच्या करपा रोगाचा प्रश्न झाला, एका मुलीनं गाणं मागितलं आणि मध्येच आवाज तुटला. पुढचं बोलणं चार मिनिटांनंतरचं होतं. बाईंचा चेहरा उतरला. त्यांना हे माहीतच नव्हतं.

त्या दुपारी निवेदन करणारी मुलगी कोपऱ्यात उभी होती. "लाईट गेली होती," ती म्हणाली. मी तिथूनच वीज उपकेंद्राला फोन लावला. त्या दुपारी पुरवठा सुरळीत होता. मग आलेल्या फोनांची वही मागितली. त्या वेळेसमोर एक नंबर लिहून खोडलेला होता, पण उजेडात धरल्यावर वाचता आला. तो ओळखीचा वाटला म्हणून मी हातातला अर्ज उलटून पाहिला. सरपंचांनी सहीखाली दोन नंबर दिले होते, एक स्वतःचा, एक घरचा. हा घरचा होता.

मी मुलीला खुर्ची दिली, पाणी दिलं. चौकशीत आवाज चढवला की माणूस बंद होतो, हे मी चुका करून शिकलो होतो. तिनं पेला रिकामा केला. मग ती रडू लागली.

"सरपंचांची आई हाय, साहेब. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला होता त्यांनी. म्हनल्या, लेकी, माझं बोलनं पुसून टाक. पोराला लोकं बोलून राहिलेत."

"आणि तू पुसलंस?"

"न्हाई. बाईंनी शिकवलंय, काही पुसायचं न्हाई. यंत्रातून काढून पेनड्राईव्हवर ठेवलं. घरी पेटीत हाय."

संध्याकाळी मी सरपंचांच्या घरी गेलो. ते प्रचाराला गेले होते. माजघरामागच्या खोलीत म्हातारी हळद निवडत बसली होती. तिनं गणवेश पाहिला आणि हात थांबले.

"त्या पोरीला काई करू नको, लेकरा," ती म्हणाली. "म्याच सांगितलं व्हतं."

"माय, ती बाई मीच, हे पोराला काहून सांगितलं नाही? तो साऱ्या गावाला विचारत फिरतोय."

ती म्हणाली, "मला कुठं इचारलं त्यानं?"



दुसऱ्या दिवशी मी सरपंचांना केंद्रावर बोलावलं. कोण बोललंय ते सांगितलं नाही. पंख्याचा आवाज नको म्हणून केंद्रप्रमुखांनी पंखा बंद केला आणि मुलीनं घरून आणलेल्या पेनड्राईव्हवरची फाईल लावली.

"माय, मला गानं न्हाई पायजे," म्हातारीचा आवाज आला. "दोन मिनिटं माझ्यासंग बोल नुसती. घरात सात मानसं हायेत. जेवन बराबर मिळतं, तकलीफ कशाची न्हाई. पोरगं लई गुनाचं. गावाचा कारभार करून राहिला, त्याला येळ न्हाई. पर सकाळपासून कुनी मला हाक मारली न्हाई. आपला आवाज हाय का गेला, ते पाहावं म्हनून फोन लावला."

पुढं ती हळदीबद्दल बोलली, एका मेलेल्या गाईबद्दल बोलली. कुणाची तक्रार केली नाही. मुलगी मधूनमधून "हो आजी" म्हणत होती.

संपल्यावर सरपंच खाली पाहत बसून राहिले. मग म्हणाले, "पुन्हा लावा." दुसऱ्यांदा ऐकताना त्यांनी उपरण्यानं तोंड झाकलं. त्यानंतर कागद मागितला आणि अर्ज मागं घेत असल्याचं स्वतःच्या हातानं लिहून दिलं. जाताना त्या मुलीपुढं थांबले. "माझ्या मायसंग बोलली, बरं केलं पोरी," एवढंच म्हणाले.

प्रकरण तिथं मिटवता आलं असतं, पण केंद्रप्रमुखांनी मिटवलं नाही. ध्वनिमुद्रण काही दिवस यंत्रात नव्हतं, हे त्यांनी स्वतःच वरच्या कार्यालयाला लिहून कळवलं. त्यांना समज देणारं पत्र आलं, ते त्यांनी फाईलला लावलं. मुलीला कामावरून काढलं नाही. मी विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "तिनं पुसलं असतं, तर काढलं असतं. तिनं म्हातारीचंही ऐकलं आणि नियमही पाळला, जमेल तसा."

निवडणुकीच्या बंदोबस्तावर असताना मी त्या घरावरून गेलो. म्हातारीची बाज ओसरीवर आली होती. मी थांबून विचारलं, "माय, आता बोलतो का पोरगं?"

"लई बोलतो," ती म्हणाली. "रेडिओ ऐकू देत न्हाई."

ठाण्याच्या पायऱ्या चढून येणाऱ्या माणसाला आपण पहिल्यांदा विचारतो, काय झालं, कुणी केलं, कधी केलं. फिर्यादीच्या नमुन्यातही तेवढंच असतं. त्या चौकशीनंतर मी पेन उघडायच्या आधी एक प्रश्न विचारायला लागलो, "हे घरी कुणाला सांगितलंत का?" कितीतरी माणसं त्यावर नकारार्थी मान हलवायची. काहीजण तसेच उठून घरी जायचे. त्यांचे कागद कोरे राहिले, याचं मला कधी वाईट वाटलं नाही.