चाकातली पाचर

गल्लीत तिला सगळे पाना म्हणत. सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणारी, हातात सदानकदा पाना असलेली बाई. लोक दुसरं काय म्हणणार? तिलाही त्याचं काही वाटत नसे. दुकान घराच्या पुढच्याच खोलीत होतं. छताला टायर टांगलेले, भिंतीवर रिमा, कोपऱ्यात पंक्चर शोधायचं पाण्याचं घमेलं. नवरा ट्रक घेऊन आठवडेच्या आठवडे बाहेर असायचा. त्यामुळे घरात उरायच्या दोघीच, ही आणि हिची सासू.

सासू काय चीज होती ते अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. सुनेची एक गोष्ट तिला कधी पसंत पडली असेल तर शपथ. आमटीत मीठ कमी, पडदे वाकडे, कडी लावायची पद्धत चुकीची. नवी कोरी बादली आणली तरी तिचा कान तिला ढिला लागायचा. या सगळ्यातून सवड काढून ती मागच्या खोलीत चरख्यावर सूत काढायची, आणि सूत काढता काढता तिथूनही हुकूम सोडायची.

मग तिची नजर हळूहळू गेली. डॉक्टरांनी सांगितलं, आता यावर इलाज नाही. सासूनं स्वतःच चरखा माळ्यावर टाकायला लावला आणि त्या दिवसापासून तिच्या तोंडी एकच शब्द राहिला, चालेल. जेवण गार झालं तरी चालेल. खिडकी उघडी ठेवू का बंद? चालेल. एकदा पानानं आमटीत मुद्दाम मीठच घातलं नाही. सासूनं ताट संपवलं, हात धुतला आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

या बाईचं तोंड एकदाचं बंद व्हावं म्हणून पानानं इतकी वर्षं मनातल्या मनात हात जोडले होते. आता ते बंद झालं तर तिलाच करमेना. तिला भीती वाटू लागली, सरळ सांगायचं तर, की म्हातारी अशीच चालेल चालेल म्हणत एक दिवस निघून जाईल. एका सकाळी तिनं शिडी लावली आणि चरखा खाली काढला.

"अगं, आईला दिसत नाही," नवरा फोनवर म्हणाला. "सूत काय कातणार ती?"

"बोटं आहेत ना त्यांना?"

"आणि नाही जमलं तर?"

"तर बघू. मोडलेलं चाक नुसतं ठेवून द्यायला मी दुकान उघडलेलं नाही."

चरख्याची दशा झाली होती. चाकाच्या आऱ्यांचे सांधे सुटलेले, एका आऱ्याच्या बुडाशी कुणीतरी लाकडाची काळपट पाचर ठोकलेली. आस ज्या लाकडी भोकांत फिरायची ती भोकं झिजून लांबट झालेली. सूत पिळणारी लोखंडी चाती गंजलेली, आणि चाकापासून चातीपर्यंत जाणारी सुती दोरी, जिला माळ म्हणतात, ती उंदरांनी कुरतडलेली. पाना त्याच्यावर तुटून पडली. दिवसा गिऱ्हाइकांच्या सायकली आणि मधल्या वेळात चरखा. चाती घासून लख्ख केली. सांधे सरसानं पक्के बसवले, ती गावठी पाचर उपटून फेकून दिली. चाक रिमेसारखं डोळ्यासमोर धरून त्याचा डुगडुगाट काढला. आणि मग तिनं तिच्या मते सगळ्यांत मोठी कामगिरी केली. लाकडी भोकं मोठी करून त्यांत सायकलीच्या बेअरिंगा बसवल्या, सुती माळेच्या जागी घट्ट रबरी पट्टा चढवला. चाकाला बोट लावलं की ते आवाज न करता फिरतच राही. सायकलवाल्याला याहून मोठं सुख नसतं.

"बसा आई," तिनं सासूचा हात मुठीवर ठेवला आणि दुसऱ्या हातात कापसाचा पेळू दिला.

सासूनं मूठ फिरवली. पेळूतून धागा निघाला आणि तटकन तुटला. पुन्हा जोडला, पुन्हा तुटला. हात थांबला तरी चाक थांबत नव्हतं, पीळ वाढत जायचा, धाग्याला गाठी पडायच्या. सासूनं थोडा वेळ धडपड केली आणि पेळू मांडीवर ठेवला.

"चांगला केलास गं," ती म्हणाली. "राहू दे आता इथेच. चालेल."

पाना दुकानात येऊन सायकल घेऊन आलेल्या एका मुलावर उगाचच खेकसली. पण ती हार मानणाऱ्यांतली नव्हती. सायकल उतारावर पळत राहावी लागते. चरखा हात थांबला की थांबावा लागतो. एवढी साधी गोष्ट आपल्या डोक्यात कशी आली नाही म्हणून तिनं स्वतःला चार शिव्या हासडल्या. बेअरिंगा निघाल्या. गल्लीतल्या सुतारकाकांकडून कठीण लाकडाचे तुकडे आणून भोकं पुन्हा लाकडाची केली, तेलाचा थेंब दिला. रबरी पट्टा गेला, मेण लावलेली सुती माळ आली. धाग्याला ओढ बसली की ती जराशी घसरे, त्यामुळे धागा तुटेना.

आता सूत निघू लागलं, पण कुठे दोरखंड, कुठे केस. सासू मान एका बाजूला कलती करून मूठ फिरवत होती. पानानं ते बघितलं.

"काय ऐकताय आई?"

"काही नाही."

"सांगा ना."

"ते टक्कन वाजायचं," सासू म्हणाली. "चाकाचा एक फेरा झाला की वाजायचं. त्यावर हात मागे न्यायची मी. तुझ्या सासऱ्यांनी पाचर मारली होती, ती कधी नीट बसलीच नाही. जाऊ दे. आहे तेही चालेल."

 ती पाचर केव्हाच कचऱ्यात गेली होती. खटका काढला म्हणून तिनं स्वतःची पाठ थोपटली होती, आणि आंधळ्या बाईला चाक दिसणार होतं ते त्या खटक्यातूनच. तिनं पटाशी घेतली. कालपरवाच पक्का केलेला सांधा तिनं स्वतःच्या हातानं पुन्हा ढिला केला आणि उरलेल्या लाकडातून पाचर तासायला बसली. पहिली घट्ट झाली, वाजेचना. दुसरी निखळून सासूच्या पायावर पडली.

"म्हणाल तर पत्त्यांतलं एक पान लावते आऱ्यांत," पाना वैतागून म्हणाली. "पोरं सायकलीला लावतात तसं."

"म्हणजे मी काय आता फटफटी चालवू?"

पाना तासायची थांबली. सासूच्या तोंडून असा टोमणा कित्येक महिन्यांत निघाला नव्हता. तिनं पुढची पाचर बसवली आणि चाक फिरवलं.

"जाड वाजतंय," सासू म्हणाली. पानानं ती काढून तासली. "अजून. अगं, टोकाला तास, बुडाला नको. जरा हलक्या हातानं, लाकूड आहे ते, लोखंड नव्हे."

तासता तासता दुकानात गिऱ्हाईक हाका मारून निघून गेलं. पाना उठली नाही.

शेवटी टक्क झालं. बारीक, कोरडं, दर फेऱ्याला एकदा. सासूचा हात आपोआप मागे गेला, खांद्यापाशी थांबला, पुढे आला. धागा तुटला नाही. पाना थोडा वेळ बघत उभी राहिली, मग डोळे पुसत दुकानात गेली आणि एका रिमेच्या तारा आवळायला बसली. मागच्या खोलीतून टक्क, टक्क येत राहिलं.

मग ते बंद पडलं. पानाच्या हातातला पाना थांबला. माळ निसटली असेल, नाहीतर पाचर. की पुन्हा भिंतीकडे तोंड? ती तशीच धावत आत गेली.

सासू पेळू हातात घेऊन बोटांनी चाचपत बसली होती.

"हे कसले पेळू आणलेस?" ती म्हणाली. "नुसता कचरा आहे यात. आणि त्या दिवशीच्या आमटीत मीठ नव्हतं, ते सांगायचं राहिलं. हे चालायचं नाही, परत कर."

"हो आई," पाना म्हणाली, आणि तशाच काळ्या हातांनी पिशवी उचलून पेळू बदलायला निघाली.