कोसाडचा एकुलता श्रोता

नाशिकहून सुरतेची एसटी सकाळी सहाला सुटली तेव्हा माझ्या पिशवीत एक जुनी कादंबरी होती, चिवड्याचा डबा होता, आणि डोक्यात बराचसा राग होता.

राग स्वतःवरचाच. निवृत्त मराठी शिक्षिकेनं घरी स्वस्थ बसावं, तर मी जुन्या, नावाजलेल्या कादंबऱ्या मोबाइलवर मोठ्यानं वाचून, रेकॉर्ड करून एका ॲपवर टाकायचं खूळ डोक्यात घेतलं. आवाज घुमू नये म्हणून सामानाच्या खोलीत गोधड्या टांगायच्या, दार लावायचं आणि वाचायचं. शंभरेक वर्षांपूर्वीची ही कादंबरी एकतीस प्रकरणांची. सव्विसाव्यावर मी थांबले, कारण तिथवर टिकलेला श्रोता एकच असल्याचं ॲप दाखवत होतं. एकासाठी कोण पंगत मांडतं? चार महिने मी त्या खोलीकडे फिरकले नाही. मग त्या एकाचाच निरोप आला: ‘ताई, पुढलं कधी? डोळे आहेत तोवर ऐकायचंय.’ खाली सुशीला हे नाव आणि सुरतेतल्या कोसाडचा पत्ता. डोळ्यांनी कोणी ऐकतं का, या प्रश्नानं मला आठवडाभर झोप लागू दिली नाही. शेवटी तिकीट काढलं.

सापुताऱ्याच्या घाटात वळणांच्या धास्तीनं डबा उघडला नाही, पण डांगचे बांबू बघून चिवडा खायची हिंमत आली. चलथाणजवळ उसाच्या ट्रॉल्यांमागं बस अर्धा तास खोळंबली. साखर कारखान्याचा गोड आंबूस वास खिडकीतून आत येऊन कपड्यांना चिकटला. सुरतेत उतरल्यावर आधी लोचो (वाफवलेल्या डाळीचा मऊ लगदा, वर तेल आणि शेव) खाल्ला. ज्याला आपण बिघडलेला ढोकळा म्हणून फेकून देऊ, त्याच्यासाठी इथं लोक रांग लावतात. खाल्ल्यावर मीही दुसरी बशी मागितली.

कोसाडला रिक्षावाल्यानं सोडताना बजावलं, “मासी, बधा मकान सरखा छे (सगळी घरं सारखीच). नंबर जोजो.” मी नंबर पाहिला, चार मजले चढले आणि भलत्याच दाराची कडी वाजवली. तिथल्या बाईनं शेजारच्या इमारतीकडे बोट दाखवलं. पुन्हा चार मजले.

“घर सापडनं का, ताई?” दारातच सुशीलाबाईंनी विचारलं. साठीच्या, बारीक अंगाच्या, हातात छोटी कात्री. खोलीभर साड्यांचे गठ्ठे होते. भरतकामाच्या मागचे सुटे धागे कापायचं काम त्या घरीच करतात. खिडकीशी त्यांचे यजमान हिंमतभाऊ बसले होते. दोघं अमळनेरकडचे. भाऊंची चाळीस वर्षं इथल्या यंत्रमागांवर गेली.

मी वाकून नमस्कार केला आणि प्रकृतीची चौकशी केली. भाऊ नुसते बघत राहिले. मी आवाज चढवला. शाळेत मागच्या बाकापर्यंत पोचायचा तो आवाज काढला, तशी जिन्यातून दोन बायका डोकावल्या. भाऊ हसायला लागले.

“वरडू नका,” ते स्वतःच केवढ्यांदा तरी म्हणाले. “हळू बोला. माले दिसी (मला दिसेल).”

सुशीलाबाईंनी उलगडून सांगितलं. मागाच्या खडखडाटात शेजारच्या माणसाचंही ऐकू येत नाही, म्हणून कारखान्यात सगळे ओठांवरून बोलणं ओळखतात. भाऊंचे कान त्या खडखडाटात कायमचे गेले, ओळखायची सवय उरली. सुशीलाबाईही तसं बिनआवाजी बोलायला शिकल्या. आता त्या कानात इअरफोन घालून माझी कादंबरी ऐकतात आणि ओठांनी भाऊंना सांगतात.

“पण आता यांचे डोळेही जाऊ लागलेत,” त्या म्हणाल्या. “डावा गेलाच. उजव्याचं डॉक्टर काही धड सांगत नाहीत. चांगलं ऊन असलं तरच त्यांना माझे ओठ दिसतात. पोथी अर्धी सोडू नये म्हणतात ना, ताई.”

फळीवर समईशेजारी एक नारळ होता. पोथी लावताना ठेवतात तसा, समाप्तीला फोडायचा. त्यांनी एका कादंबरीसाठी नारळ ठेवला होता, आणि मी श्रोते मोजत बसले होते. मला मनापासून लाज वाटली.

कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाऊन झाल्यावर मी म्हटलं, मला बघायचंय. सुशीलाबाईंनी खिडकीचा पडदा सारला, उन्हाकडे तोंड करून बसल्या, सव्विसावं प्रकरण लावलं. एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, सांगायचं.

खोलीत पंख्याखेरीज आवाज नव्हता. ओठ हलत होते ते अहिराणीत. मला एक शब्द कळत नव्हता. पण प्रकरण मला तोंडपाठ होतं, आणि भाऊंच्या चेहऱ्यावरून मला जागा सापडू लागल्या. सासऱ्याच्या फजितीवर ते हसले. धाकटीचं पत्र आलं, त्यांचा हात गुडघ्यावर थांबला. घर सोडून गेलेल्या नायिकेला नदीपलीकडून आपल्या घरातला दिवा दिसतो, तिथं त्यांनी डोळे पुसले आणि घाईनं पुन्हा उघडले, एखादा शब्द निसटू नये म्हणून. शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी टाकानं लिहिलेलं वाक्य माझ्या गळ्यातून, एका बाईच्या कानातून, आवाज न होता एका माणसाच्या डोळ्यांत पोचत होतं. आयुष्यभर साहित्य शिकवून मी असं काही पाहिलं नव्हतं. मी हात जोडून बसले होते, हे मला नंतर कळलं.

दिव्याच्या त्या जागी सुशीलाबाई बराच वेळ बोलत राहिल्या. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये तिथं दोनच वाक्यं आहेत.

“तुम्ही काय वाढवलंत?” मी विचारलं.

“वाढवलं नाही. तुम्ही इथं पळालात, ताई. मी चालत गेले.”

खरं होतं. कंटाळून मी ते पान उरकलं होतं.

निघताना भाऊंनी मला उन्हात उभं केलं आणि विचारलं, “ती परत येई का घर?”

मला शेवट ठाऊक होता. त्यांचा उजवा डोळा माझ्या ओठांवर खिळला होता. सांगून टाकावं असं फार वाटलं. “पुस्तकच सांगेल,” मी सावकाश म्हटलं. त्यांनी मान डोलावली. कादंबरी ऐकणाऱ्याला ती शिस्त कळते.

परतीच्या बसमध्ये घाट कधी आला, कळलं नाही. मी खिडकीकडे तोंड करून ओठांनी सव्विसावं प्रकरण वाचत होते. शेजारच्या बाईनं जागा बदलली. घरी पोचल्यावर गोधड्या झटकून पुन्हा टांगल्या. आधी दिव्याचं पान नव्यानं वाचलं, चालत. मग उरलेली पाच प्रकरणं. रोज एक पाठवायची, कारण आभाळ भरून यायचे दिवस जवळ येत होते.

शेवटचं पाठवल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. “मी सगळं ऐकलं,” सुशीलाबाई म्हणाल्या. “त्यांना शेवटचं पान तेवढं सांगायचंय. तुम्ही फोन ठेवू नका.”

मग काहीच ऐकू येईना. लांबवर पंखा फिरत होता. ती शांतता मी कानाशी धरून बसले. ते माझंच पान होतं आणि मला त्यातलं अक्षर ऐकू येत नव्हतं. आता नायिका नदी उतरली असेल. आता अंगणात असेल. पान संपायला हवं होतं तरी संपलं नाही. सुशीलाबाई चालत होत्या.

आणि मग मागावरच्या माणसाचा तो मोठा आवाज खोलीभर झाला.

“उनी (आली),” भाऊ म्हणाले. “घर उनी ती.”

त्यामागोमाग नारळ फुटला.