खदानीवरचा चौथा चहा

आमच्या गळवाल्या ग्रुपकडे मासे कमी आणि किस्से जास्त! रिकामी पिशवी घेऊन घरी गेलं की काहीतरी सांगावं लागतं, त्यातून ते साचत जातात. पण खदानीचे किस्से तसे नाहीत. कुणीतरी आमची मस्करी करतंय, हा माझा संशय अजूनही आहे.

आम्ही तिघं नांदगाव पेठेच्या एमआयडीसीत एकाच कापड युनिटमध्ये. मी, स्टोअरवाला सुधीर आणि इलेक्ट्रिशियन गजूभाऊ. रविवारी सकाळी भातकुलीच्या पुढे, जुन्या मुरमाच्या खदानीत साचलेल्या पाण्यावर गळ टाकून बसतो. तिथे चिटपाखरू नसतं. आसपासचे लोक सांगतात, "तिथं जेवढे जाते, त्याहून एक जास्त दिसते!"

*

एकदा एका मेंढपाळानं विचारलं, "तुमच्यातली बाई कुठं गेली? आता तं बसून होती!"

सुधीर म्हणाला, "मासा येत नाही अन् बाई येऊन राहिली! गळाले काय लावलं होतं रे?"

खूप हसलो. पण निघताना तिघांनीही मागे वळून पाहिलं.

*

फाट्यावरच्या चहावाल्यानं आम्हा तिघांपुढे चार कप ठेवले. त्यातला एक बिनसाखरेचा!

"आमी तिघंच हावो नं भाऊ!"

"बरं," म्हणाला, पण कप उचलला नाही. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

मी सुधीरला बाजूला घेतलं. गजूभाऊच्या डब्यात प्लास्टिकची पाल टाकणारा माणूस हा! "तूच शिकवलं नं त्याले?"

"आईशप्पथ नाही! मले तं तुयावरच डाउट आहे."

*

मग गजूभाऊला एक मोठी मरळ लागली. पिशवीत टाकली तेव्हा ती जिवंत होती. घरी वहिनींनी पिशवी उघडली तर मासा साफ केलेला, तुकडे पाडलेले!

लग्नापासून गजूभाऊनं कधी कांदाही चिरला नव्हता. वहिनी म्हणाल्या, "ज्या बाईनं कापला, तिचं नाव सांगा."

त्यात सुधीरनं मेंढपाळाची आणि चार कपांची गोष्ट त्यांना हसत हसत सांगून टाकली. वहिनींनी गजूभाऊशी बोलणंच सोडलं. बिचारा माणूस आठवडाभर मशीनशी बोलत होता. शेवटी वहिनींनी फैसला दिला, "इतवारी मी येतो. बाई दिसली, तं तिथूनच दर्यापूरची जीप पकडतो!" दर्यापूर त्यांचं माहेर. गजूभाऊचा चेहरा बघवत नव्हता.

*

वहिनी आल्या. पहिल्यांदाच आल्या होत्या. सकाळभर पदर खोचून पाण्याकडे बघत बसल्या. मासा नाही, बाई नाही, कुणीच नाही.

परत फाट्यावर आलो तेव्हा गजूभाऊ नवरदेवासारखा खुलला होता. चहावाल्यानं चार कप मांडले. आज हिशोब बरोबर! वहिनीही हसल्या. "चला, ह्या चहावाल्या भाऊचाच घोळ होता. पाहून घेतलं मी."

मग त्या चहावाल्याला म्हणाल्या, "भाऊ, एक बिनसाखरेचा."

डॉक्टरांनी त्यांची साखर बंद केली होती. ते मला आणि सुधीरला तिथेच कळलं. मी सुधीरकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत होता.

चहावाल्यानं त्या चारांतला जरा बाजूला ठेवलेला कप वहिनींपुढे सरकवला.

"सांगाले काहून लागते ताई? दर इतवारी तुमचा वेगळाच करतो नं मी!"