कोऱ्या कापडाची तिमाही

चांद्याच्या कचेरीत मला नोकरी लागली, तेव्हा माझं काम नेमकं काय, हे घरी कुणालाच नीट सांगता येत नसे. आई शेजारणींना सांगायची, "बाजार मोजायला जातो." ते काही चूक नव्हतं. दर तीन महिन्यांनी ठरलेल्या आठवडी बाजारांत जायचं, ठरलेल्या दुकानदारांजवळ बसायचं आणि गेल्या तिमाहीत मीठ किती खपलं, घासलेट किती, गूळ-तंबाखू किती, कापड किती, हे विचारून छापील तक्त्यात भरायचं. तक्ते नागपूरला जात. तिथून पुढं कुठं जात, ते मला ठाऊक नव्हतं आणि मी कधी विचारलंही नाही.

माझ्याकडे दक्षिणेकडचे बाजार होते. त्यांतला मोठा अहेरीचा. आष्टीच्या घाटावर मोटार सोडायची, डोंग्यातून वैनगंगा ओलांडायची आणि पलीकडे मिळेल त्या मोटारीनं नाहीतर बैलबंडीनं जंगलातून पुढं जायचं. पावसाळ्यात तो रस्ता जवळजवळ बंदच असे.

दीड-दोन वर्षांत मला त्या बाजाराची चाल कळू लागली. उन्हाळ्यात मोह आणि तेंदूपत्ता झाला की लोकांच्या हातात चार पैसे येत. मग भांडी, बांगड्या, रंगीत लुगडी खपत. पावसाळ्याच्या तिमाहीत सगळंच खाली बसे. धान घरात आलं की पुन्हा वर. पुढं पुढं तर दुकानदारानं तोंड उघडण्याआधीच मला आकडा अंदाजे ठाऊक असे आणि मला त्याचा थोडा गर्व झाला होता.

अहेरीच्या बाजारात चिंचेच्या झाडाखाली एक बाई कापड विकायला बसत. पन्नाशीच्या, सिरोंच्याकडच्या, घरची भाषा तेलुगू. नवरा गेल्यावर दुकान त्यांनीच चालवलं होतं. पहिल्या भेटीत मी तक्ता काढला तशी त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"काऊन पाहिजे तुले? टॅक्सवाला हायेस का?"

"नाही बाई. फक्त लिहून घेतो."

"लिहून काय करतेस?"

"नागपूरला पाठवतो," मी म्हणालो. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बस मंग. उन्हात काऊन उभा?" तेव्हापासून मी आधी त्यांच्याकडे बसायचो. त्या केळीच्या पानात बांधून आणलेला चिंचेचा भात मला अर्धा द्यायच्या. सगळी विक्री त्यांच्या डोक्यात असायची. कुठल्या रंगाचं लुगडं कुठल्या गावची बाई घेऊन गेली, हेसुद्धा त्या सांगत. माझ्या तक्त्यात मात्र एकच रकाना होता : 'कापड, वार.'

त्या वर्षी पाऊस लांबला. ऑक्टोबर उजाडल्यावर कसाबसा रस्ता सुरू झाला आणि मी अहेरीला पोचलो. बाजार ओसाड होता. मीठवाला माशा हाकलत बसला होता. गूळ खपला नव्हता, घासलेट नेहमीपेक्षा निम्मं. मला हे अपेक्षितच होतं. बाईंसमोर गिऱ्हाईक होतं, म्हणून त्यांच्याकडे या खेपेला शेवटी आलो. 

"कापड किती गेलं बाई?"

"लय गेलं," त्या म्हणाल्या. त्यांनी सांगितलेले तागे मी मनातल्या मनात वारांत मोजले आणि चकित झालो. आदल्या पावसाळ्याच्या चौपट आकडा येत होता.

"एवढं?"

"कोरं गेलं सारं. कोरंच."

मी ते ऐकलं. ऐकलं हे मला पक्कं आठवतं. पण कोऱ्या, बिनरंगाच्या कापडाला वेगळा रकाना नव्हता आणि परतीची मोटार सुटायच्या बेतात होती. मी आकडा लिहिला आणि उठलो. भात खाऊन जा, असं त्या त्या दिवशी म्हणाल्या नाहीत, हेही माझ्या लक्षात आलं नाही.

चांद्याला आमचे साहेब होते. मूळचे नागपूरचे, अंगानं बारीक, मनानं अगदी सरळ. त्यांना आलेख काढायचं वेड होतं. आकडे आले की लाल-निळ्या पेन्सिली घेऊन स्वतः चौकटीच्या कागदावर रेघा ओढत बसायचे. माझा तक्ता बघून त्यांचे डोळे चमकले. सगळ्या रेघा खाली उतरत होत्या आणि कापडाची लाल रेघ एकटी वर चढत होती.

"याचा अर्थ काय रे?" त्यांनी विचारलं.

अर्थ लावायला मी तयारच होतो. मी शेऱ्यात लिहिलं की दक्षिण भागात कापडाची मागणी लक्षणीय वाढली असून जंगलातल्या लोकांचं राहणीमान सुधारत असल्याचं हे चिन्ह आहे. साहेबांनी वाक्य दोनदा वाचलं आणि माझी पाठ थोपटली. तक्ता नागपूरला रवाना झाला. आलेख त्यांनी टेबलामागच्या भिंतीवर लावला. पंधरा दिवसांनी ते म्हणाले, "पुन्हा एकदा जाऊन ये. लोक गिरणीचं कापड घेतात की हातमागाचं, तेवढं विचार. चांगली टिपणी लिहू आपण."

असा मी पुन्हा अहेरीला गेलो, खुशीतच. बाई एक तुकडा मापून कापत होत्या. समोर एक माडिया गोंड माणूस उकिडवा बसला होता. माझ्याच वयाचा असेल. मी बाईंना सांगितलं की तुमच्या कापडाचा आकडा आमच्या कचेरीच्या भिंतीवर लागलाय.

त्यांचा कात्रीचा हात थांबला.

"काऊन?"

"लोकांची परिस्थिती सुधारली, म्हणून कापड जास्त घेतात."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. रागानं नव्हे. लहान मुलाला काहीतरी कसं सांगावं, असा प्रश्न पडल्यासारखं.

"बाबू, तुले म्या सांगतलं होतं ना, कोरं गेलं म्हून? कोरं कापड कोन नेसते? माणूस मेलं का सोयरे एकेक कापड आनते, त्याच्या आंगावर टाकते. एका मैताले सात कापडं, आठ कापडं. रंगीत तर एक तुकडा नाई गेला." मग त्यांनी समोरच्या माणसाकडे हनुवटी केली. "हा तिसऱ्या डाव येऊन राह्यला. याले इचार."

मी त्या माणसाजवळ बसलो. त्याला मराठी थोडी थोडी येत होती.

"काय झालं भाऊ?"

"ताप," तो म्हणाला. "थंडी वाजते, मंग ताप. भाऊ गेला. भावाची पोरगी गेली. आता काका." मग म्हणाला, "घरची बी पडली हाय."

बाईंनी तुकडा फाडला. मापाचा हात संपल्यावर त्यांनी आणखी हातभर कापड सोडलं होतं, ते मी पाहिलं. त्यांनीही मला पाहताना पाहिलं. "थे तुह्या कागदावर नोको लिहू," त्या म्हणाल्या.

तिथूनच मी त्या माणसाबरोबर त्याच्या गावाला चालत निघालो. का निघालो, ते मला सांगता येणार नाही. साहेबांनी सांगितलं नव्हतं आणि माझा काही उपयोगही नव्हता. पण त्याला एकट्याला ते कापड घेऊन जाताना बघून मोटारीत बसणं मला जमेना. दोन नाले ओलांडून दुपारी आम्ही पोचलो. तीसेक घरांचं गाव. गावाला लागून हलकं धान पिकून उभं होतं आणि पोपटांचे थवे त्यावर बसले होते. त्यांना हाकलणारं कुणी नव्हतं. अंगणांत भर उन्हात माणसं झोपली होती. अंगावर घोंगडी, गोधड्या, मिळेल ते, आणि तरी दात वाजत होते.

त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. डोळे पिवळे झालेले. तिच्याजवळ एक म्हातारी होती. ती उठली, माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे बोट दाखवून काहीतरी बोलली.

"दवाई आनली का, म्हंते," त्या माणसानं सांगितलं.

माझ्या पिशवीत तक्ते होते आणि दौत. मी मान हलवली. म्हातारी पुन्हा खाली बसली आणि तिनं मला प्यायला पाणी दिलं.

चांद्याला पोचेपर्यंत दोन दिवस गेले. मी तडक साहेबांसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "त्या बाईंनी तुला आधी सांगितलं नव्हतं?"

इथं खोटं बोलणं अगदी सोपं होतं. "सांगितलं होतं, साहेब. मी लिहिलं नाही."

साहेबांनी खाली बघितलं. मला वाटलं, नोकरी गेली. पण ते उठले, भिंतीवरचा आलेख हलक्या हातानं काढला, घडी केली आणि टोपी घातली. "चल," म्हणाले. "मीही तो शेरा वाचून सही केली आहे."

आम्ही सरकारी दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनाही दोष देता येत नव्हता. दोन महिने नद्या भरलेल्या होत्या. त्या गावचा कोतवाल, ज्यानं मृत्यूची वर्दी द्यायची, तो स्वतःच तापानं पडला होता. डॉक्टरांनी विचारलं, "एकच गाव की सगळा मुलूख?" मग साहेबांनी माझ्या सगळ्या तक्त्यांच्या कचेरीतल्या नकला त्यांच्या टेबलावर पसरल्या. नदीअलीकडच्या बाजारांत कापड नेहमीसारखंच कमी खपलं होतं. आकडा वाढला होता तो फक्त अहेरीत. डॉक्टरांनी आकड्यांवरून बोट फिरवलं. "म्हणजे अहेरीच्या बाजाराला येणारी गावं," ते म्हणाले. "त्यांची नावं कोण सांगेल?"

"कापडवाल्या बाई," मी म्हणालो. "त्यांना सगळी तोंडपाठ आहेत."

चौथ्या दिवशी एक मोटार निघाली. हिवतापाच्या गोळ्यांच्या पेट्या, फवारणीचे पंप, दोन कंपाउंडर, तरुण डॉक्टर आणि वाट दाखवायला मी. अहेरीला बाईंनी गावं सांगितली, एकामागून एक, प्रत्येक गावाबरोबर किती कापडं गेली तेही. कंपाउंडर लिहून घेत होता. मग त्यांनी दुकान गुंडाळलं आणि बोचकं शेजारच्या मीठवाल्याच्या हवाली केलं.

"तुम्ही कुठं निघालात बाई?" मी विचारलं.

"तुमाले गोंडी येते का? मंग?"

पहिल्याच गावात त्यांची गरज पडली. लोक गोळी हातात घेत आणि तशीच धरून बसत. तरुण डॉक्टर समजावत होता, पण समजावणार कुणाला? शेवटी बाई पुढं झाल्या. एक गोळी त्यांनी स्वतःच्या तोंडात टाकली, तोंड वेडंवाकडं केलं आणि घोटभर पाण्याबरोबर गिळली. एक-दोन पोरं हसली. मग त्या गोंडीत काहीतरी बोलल्या, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. म्हातारी माणसं गोळ्या घेऊ लागली.

"काय म्हणालात?" मी नंतर विचारलं.

"काई नाई. म्हनलं, मले आता तुमाले हे कापड इकायचं नाई. ऊर भरून येते मापता मापता."

आम्ही अकरा दिवस फिरलो. त्या माणसाच्या बायकोला उतार पडला. त्याच्या काकाची धाकटी मुलगी आमच्या डोळ्यांदेखत गेली. गोळ्या पोचायला चार दिवस उशीर झाला होता. ते चार दिवस कुठं वाया गेले, हे मला कुणी विचारलं नाही, पण मला ठाऊक होतं. तीन-चार आठवड्यांपूर्वी बाईंनी 'कोरं गेलं' सांगितलं असताना मी कचेरीत बसून राहणीमान लिहीत होतो. नऊ जण गेले होते त्या एका गावात. शेजारच्या टेकडीवरच्या गावची धडधाकट माणसं विळे घेऊन आली आणि त्यांनी उरलेलं धान कापून दिलं. मीही दोन दिवस पेंढ्या वाहिल्या. मला ते काम येत नव्हतं, आणि तसं त्यांनी हसून सांगितलंही.

जानेवारीत मी नेहमीसारखा बाजार केला. मीठ वर आलं होतं, तंबाखूही. कापड मात्र एकदम खाली गेलं होतं. महिन्याभरात नागपूरहून पत्र आलं : मागील तिमाहीत आशादायक वाढ असताना या तिमाहीत कापडाची मागणी का घटली, याचा खुलासा करावा.

साहेबांनी मला समोर बसवून उत्तर सांगितलं. मागील शेरा चुकीचा होता, तो आम्ही मागे घेत आहोत. ती विक्री प्रेतवस्त्रांची होती. ती घटली याचं या कचेरीला समाधान वाटतं. शिवाय तक्त्यात कोऱ्या आणि रंगीत कापडाचे रकाने वेगळे करावेत, अशी विनंती. तीन आठवड्यांनी जबाब आला की ठरलेल्या नमुन्यात बदल करता येणार नाही.

साहेबांनी पत्र वाचून फायलीत लावलं. मग पट्टी घेतली, कोऱ्या तक्त्यांचा गठ्ठा पुढं ओढला आणि 'कापड' या रकान्यात पेन्सिलीनं मधोमध एक उभी रेघ मारली. मग दुसऱ्या तक्त्यावर. मी शेजारी बसून उरलेल्यांवर रेघा मारू लागलो. राज्याची फेररचना होऊन साहेबांची बदली होईपर्यंत आमच्या कचेरीतला प्रत्येक तक्ता तसाच जात राहिला. नागपूरनं त्याबद्दल पुन्हा कधी काही विचारलं नाही.